भरतीची वेळ आणि मान्यवरांची वेळ

आजच्या मुलांना वेळेचे भान नाही, ही तक्रार आता इतकी सार्वत्रिक झाली आहे की ती करणाऱ्याला पुरावा द्यावा लागत नाही आणि ऐकणाऱ्याला मान डोलावण्यापलीकडे काही करावे लागत नाही. पालकसभेत ती होते, शिक्षकांच्या बैठकीत होते, उन्हाळी संस्कारवर्गाच्या उद्‌घाटनात तर हमखास होते. ‘वक्तशीरपणा’ या विषयावर बोलण्यासाठी निमंत्रित वक्ते उभे राहतात, ते बहुधा पत्रिकेवरील वेळेनंतर पाऊण तासाने. समोर मांडी घालून बसलेली, घामेजलेली, कंटाळून एकमेकांना चिमटे काढणारी मुले ते व्याख्यान ऐकतात आणि त्यातून जे शिकायचे ते अचूक शिकतात. मुलांना वेळ पाळता येत नाही, हे मुळातच खोटे आहे. मुले वेळ पाळतात. आपण मोठी माणसे ती सवय त्यांच्याकडून प्रयत्नपूर्वक मोडून घेतो आणि मोडता मोडता त्यांना दुसरा एक धडा देतो, जो उशिरापेक्षा कितीतरी घातक आहे.

हा विषय रायगडच्या किनाऱ्यावरून मांडण्यास कारण आहे. उरणपासून श्रीवर्धन-हरिहरेश्वरापर्यंतच्या या पट्टीत वेळ भिंतीवरच्या घड्याळाआधी पाण्यात दिसते. येथील जुन्या माणसांना एक हिशेब तोंडपाठ असे. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ निघते. षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार, दशमी असेल तर साडेसात. पौर्णिमा-अमावास्येला पाणी दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास भरते. भरती रोज पन्नास मिनिटांच्या आसपास पुढे सरकते, म्हणजे आपल्या जुन्या मोजमापात जवळजवळ दोन घटका, एक मुहूर्त. या निरीक्षणातूनच तो हिशेब आलेला आहे. तो ढोबळ आहे, बंदराबंदरात थोडाफार फरक पडतो. परंतु ज्या मुलाला पाऊणकी येते त्याला समुद्राचे वेळापत्रक येते. (पाऊणकी, सवायकी, दिडकी हे पाढे आपण ‘घोकंपट्टी’ म्हणून शाळेबाहेर घालवले. किनाऱ्यावरच्या मुलाच्या हातातले एक घड्याळच त्याबरोबर गेले, याची कोणी नोंदही घेतली नाही.)

डोल लावणाऱ्या कोळ्याचे जाळे पाण्याच्या ओढीवर पोट धरते. ओढ उलटण्याच्या आत ते उचलले नाही तर मासळी तर गेलीच, जाळेही जाते. उधाण कधी आणि भांग कधी, हे त्या घरातल्या दहा वर्षांच्या मुलाला कोणी ‘संस्कार’ म्हणून शिकवत नाही. वडील रात्री दोनला उठून बंदरावर जातात, हे तो पाहतो. पेण-अलिबागच्या खारेपाटात बांधाला खांड पडली तर ती ओहोटीच्या काळातच बांधावी लागते. पुढची भरती आत शिरली की शेत खारे झाले. गावच्या गाव चिखलात उतरते आणि कोणी कोणाला ‘दहा मिनिटांत येतो’ असे सांगत नाही. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येते. परत कधी निघायचे, हे किनाऱ्यावर वाढलेल्या पोराला विचारावे लागत नाही. मुंबई-पुण्याहून आलेला, मनगटावर उंची घड्याळ बांधलेला पर्यटक मात्र तटावर छायाचित्रे काढत राहतो आणि मग गुडघाभर, कमरेएवढ्या पाण्यात तारांबळ उडवतो. त्याला वेळ ठाऊक असते. ती कोणासाठी थांबणार नाही, हे ठाऊक नसते.

आता याच किनाऱ्यावरच्या मुलाला आपण काय शिकवतो ते पाहू.

शाळेत कार्यक्रम आहे. पारितोषिक वितरण असेल, नव्या वर्गखोलीचे उद्‌घाटन असेल, एखादी जयंती असेल. पत्रिकेवर छापले आहे : सकाळी ठीक १० वाजता. हा ‘ठीक’ शब्द मराठीत आता केवळ अलंकार म्हणून उरला आहे. मुलांना साडेआठला बोलावलेले असते, कारण रांगा लावायच्या असतात. स्वागतगीत म्हणणाऱ्या मुली नऊवारी नेसून, डोक्यात गजरे माळून आठपासूनच उभ्या असतात. साडेदहा होतात. सूत्रसंचालक ध्वनिक्षेपकावर सांगतात की मान्यवर अल्पावधीतच आपल्यात येत आहेत. अकरा वाजता तेच वाक्य पुन्हा. मधल्या वेळात देशभक्तिपर गीतांची तबकडी तिसऱ्यांदा वाजते. एखादे लहान मूल उन्हाने भोवळ येऊन बसते, त्याला सावलीत नेऊन पाणी पाजले जाते आणि रांगेतली जागा भरून घेतली जाते. पावणेबाराला गाड्यांचा ताफा येतो. सगळे उठून उभे राहतात, टाळ्या वाजतात, तुतारी फुंकली जाते. पावणेदोन तास उशिरा आलेल्या माणसाच्या गळ्यात हार पडतो आणि त्याच्या भाषणात विद्यार्थ्यांना शिस्तीचे महत्त्व सांगितले जाते.

पत्रकार म्हणून गेली तीस वर्षे अशा कार्यक्रमांच्या पहिल्या रांगेत बसण्याचा योग आला आहे. पक्ष कोणता, संस्था कोणती, याने फारसा फरक पडताना पाहिला नाही. नावे घेण्यात अर्थ नाही, कारण नावे घ्यायची तर यादी संपणार नाही. प्रश्न व्यक्तीचा नाहीच. त्या रांगेत उभ्या असलेल्या मुलाने काय पाहिले, हा प्रश्न आहे. वेळेवर आला त्याला ऊन मिळाले, उशिरा आला त्याला हार मिळाला, हे त्याने पाहिले. जो लहान आहे त्याने थांबायचे आणि जो मोठा आहे त्याने थांबवायचे, हेही त्याने पाहिले. उशीर हा दोष नसून अधिकार आहे आणि मोठे होणे म्हणजे तो अधिकार मिळवणे, हा तो धडा. वर ज्याला उशिरापेक्षा घातक म्हटले तो हाच. हे मूल उद्या कचेरीत साहेब होईल, तेव्हा बाहेरच्या बाकावर बसलेल्या म्हाताऱ्याला दोन तास ताटकळत ठेवताना त्याला काहीच वाटणार नाही. त्याला तसे वाटू नये अशी व्यवस्था आपणच साडेआठ ते पावणेबारा या वेळात केलेली असते.

म्हणून वक्तशीरपणा हा टापटिपीचा, नखे कापण्याच्या पंक्तीत बसवण्याचा विषय नव्हे. तो सामाजिक समतेचा विषय आहे. आपण समरसतेवर परिसंवाद घेतो. समाजात कोणाचा वेळ मोलाचा आणि कोणाचा फुकटचा, हा प्रश्न त्या परिसंवादात क्वचितच येतो. गड्याने, मोलकरणीने, रिक्षावाल्याने मिनिटाचाही उशीर करू नये अशी अपेक्षा ठेवणारे घर स्वतः मात्र पाहुण्यांना सातचे निमंत्रण देऊन आठपर्यंत दिवाणखाना आवरत असते.

‘सवयच लागत नाही हो’ असे म्हणणाऱ्यांसाठी एक साधी कसोटी आहे. मांडव्याच्या धक्क्यावर जाऊन पाहावे. गेटवेची बोट सुटण्याच्या वेळी तेथे कोण कोण वेळेवर पोहोचलेले असते? तेच सगळे. सभेला उशिरा येणारे, लग्नाला अक्षता पडल्यावर येणारे, शाळेत मुलाला घंटेनंतर सोडणारे. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या घेऊन येणारी रो-रो सुरू झाली, तेव्हापासून तर आपली मोटार घेऊन ही मंडळी फेरीच्या कितीतरी आधी रांगेत उभी असतात. म्हणजे सवय आहे, क्षमता आहे, घड्याळही आहे. बोट थांबणार नाही, हे माहीत आहे. मुले थांबतील, हेही माहीत आहे. उशीर आपण कोठे करतो ते पाहिले की आपण कोणाला कमी लेखतो ते कळते.

यावर एक ठरलेले उत्तर येते, तेही हसत हसत. ‘अहो, आपले इंडियन स्ट्रेचेबल टाइम!’ हा विनोद सुशिक्षितांच्या दिवाणखान्यात सर्वाधिक चालतो आणि तो करताना आपण आपल्या पूर्वजांना शिवी देत आहोत, याचे भान कोणालाही नसते. त्याच्या पोटात एक समजूत दडलेली आहे, ती अशी की वेळ पाळणे ही साहेबाची देणगी, आगगाडी आणि कचेरीबरोबर आलेली. आपला मूळ पिंड सैल, संथ आणि ‘उद्या पाहू’ म्हणणारा. ही समजूत अज्ञानातून आलेली आहे आणि तिचा समाचार घेणे आवश्यक आहे.

ज्या समाजाने अहोरात्राचे साठ घटकांत, घटकेचे साठ पळांत आणि पळाचे साठ विपळांत विभाजन केले, तो समाज सैल? घटका म्हणजे आजची चोवीस मिनिटे, पळ म्हणजे चोवीस सेकंद. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर तरंगत ठेवायची. ती भरून बुडाली की एक घटका झाली. ‘घटका भरली’ हा आपल्या भाषेतला शब्दप्रयोग त्या वाटीतून आला आणि ‘घड्याळ’ या शब्दातही तीच घटी दडून बसली आहे. कोकणात लग्नघरी मुहूर्तासाठी घटिकापात्र मांडले जाई आणि वाटी बुडण्याकडे सारे घर डोळे लावून बसे. आज त्याच घरी पंचांग पाहून, दोन-दोन ज्योतिषांना विचारून मुहूर्त काढला जातो, १२ वाजून ३७ मिनिटांचा! तो पत्रिकेवर सोनेरी शाईत छापला जातो आणि नवरदेवाची वरात १ वाजून १५ मिनिटांनी मांडवाच्या दारात नाचत असते. ज्यांचा मुहूर्तावर विश्वास नाही त्यांनी तो काढू नये. ज्यांचा आहे त्यांनी तो पाळावा. काढायचा आणि मोडायचा, हा कोणता धर्म? अंतरपाटापाशी भटजी ‘सावधान’ म्हणतात, ते ऐकण्याइतकेही कोणी सावध नसते. मांडवात धावणारी मुले हेही पाहत असतात. शास्त्र छापण्यासाठी असते, वागण्यासाठी नसते, एवढा निष्कर्ष काढण्याइतकी ती हुशार असतातच.

आणि हा जिल्हा कोणाचा? ६ जून १६७४ रोजी याच जिल्ह्यातील रायगडावर छत्रपती शिवाजी महाराज सिंहासनावर बसले. जेधे शकावलीने त्या दिवसाची नोंद केली आहे. तिथी आणि नक्षत्र घटी-पळांसह दिले आहे आणि तीन घटका रात्र उरली असता राजे सिंहासनी बसले, असे म्हटले आहे. तीन घटका म्हणजे सूर्योदयापूर्वी सुमारे सव्वा तास. देशोदेशीचे वकील, ब्राह्मण, सरदार, हजारोंचा समुदाय गडावर होता. इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन उपस्थित होता. शतकांनंतर घडणारा तो प्रसंग पहाटेच्या ठरलेल्या घटकेला घडला. त्या दिवशी ज्याच्यासाठी सर्वांनी थांबावे असा एकच माणूस गडावर होता, आणि तोच घटकेला बांधलेला होता. आज महाराजांच्या जयंतीची मिरवणूक चारची सातला निघते आणि त्यांच्या नावाने चालणाऱ्या कार्यक्रमात लेझीमवाली पोरे प्रमुख पाहुण्यांसाठी तिष्ठत उभी राहतात. याला शिवभक्ती म्हणावयाचे असेल तर म्हणावे.

‘इंडियन टाइम’वाल्यांना अलिबागचे आणखी एक उदाहरण द्यावेसे वाटते. अलिबागच्या नावाने मुंबईत एक वाक्य टवाळीने फेकले जाते : ‘अलिबागहून आला आहेस काय?’ म्हणजे भोळसट, जगाची खबर नसलेला. २०१९ मध्ये त्यावर बंदीसाठी उच्च न्यायालयात याचिकाही झाली आणि न्यायालयाने ती, अशा गोष्टी मनाला लावून घेऊ नयेत या भावनेने, फेटाळली. ते योग्यच झाले. परंतु वाक्य फेकणाऱ्यांना हे ठाऊक नसते की अलिबागमध्ये १९०४ पासून एक चुंबकीय वेधशाळा आहे आणि जगातील दीर्घकाळ अखंड चाललेल्या अशा नोंदींमध्ये तिची गणना होते. मूळ वेधशाळा मुंबईच्या कुलाब्यात होती. तिची उभारणी १८२६ ची, जहाजांना वेळ आणि खगोलाची माहिती पुरवण्यासाठी. तेथे १८४० च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे सुरू झाली. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्या विजेने मोजमापे बिघडणार, हे ओळखून वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई आर्देशीर फ्रामजी मूस यांनी अलिबागची जागा निवडली. चुंबकाला बाधा होणार नाही अशा दगडाची, लोखंड टाळून वास्तू उभी राहिली. मूस यांनी लगेच मुंबईचे दप्तर गुंडाळले नाही. दोन वर्षे, १९०४ ते १९०६, दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या आणि नव्या मोजमापांचा सांधा जुळावा. मुंबईत विजेची पहिली ट्राम धावली ती १९०७ मध्ये. काम ट्रामच्या आधी झालेले होते!

या नोंदींचे मोल किती? सप्टेंबर १८५९ च्या आरंभी सूर्यावरील उद्रेकामुळे पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ झाले. कुलाब्यातील निरीक्षक तेव्हा उपकरणात डोळ्यांनी पाहून हाताने आकडे लिहीत, एरवी तासातासाला आणि वादळ चढल्यावर काही मिनिटांच्या अंतराने. ते वादळ जवळजवळ दीडशे वर्षांनी कोणाच्या उपयोगी पडेल, हे त्यांना माहीत असण्याचे कारण नव्हते. त्यांची नोंदवही आणि तिच्यातले रकाने मात्र रिकामे राहिले नाहीत. २००३ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या शास्त्रज्ञांनी परदेशी संशोधकांच्या जोडीने त्या वादळाची तीव्रता मोजली, ती या कुलाब्याच्या आकड्यांवरून. अलिबागची वेधशाळा आज त्याच संस्थेकडे आहे. एका वेळी एका माणसाने ‘थोड्या वेळाने बघू’ म्हटले असते तर तो आकडा जगाला कायमचा हरवला असता. अलिबाग परिसरातील प्रत्येक शाळेने मुलांना समुद्रकिनारा दाखवण्याआधी या वेधशाळेची गोष्ट सांगावी. किती शाळा सांगतात?

वेळेबाबत आपण साहेबाचे ऋणी आहोत असे मानणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की १९०६ मध्ये देशभरासाठी प्रमाणवेळ लागू झाली तेव्हा मुंबईकरांनी तिला दीर्घकाळ विरोध केला. प्रमाणवेळेहून ३९ मिनिटे मागे असलेली ‘बॉम्बे टाइम’ मुंबईत पुढे अनेक दशके टिकली. तो विरोध बरोबर की चूक, हा वेगळा वाद; स्वराज्यानंतर एका राष्ट्राची एक वेळ असणे योग्यच. परंतु ज्यांना वेळेची पर्वाच नाही ते लोक ३९ मिनिटांसाठी अर्धे शतक भांडत नाहीत.

आता घराकडे वळू, कारण व्यासपीठावरच्या मान्यवरांना दोष देणे सोपे असते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने निर्णय घेतला की पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवावेत. तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर २०२३ मध्ये लहान मुलांच्या अपुऱ्या झोपेचा मुद्दा मांडला होता, त्याला धरून हे पाऊल उचलले गेले. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रात्री नऊ ते बारा तास झोप लागते, असे वैद्यकशास्त्र सांगते. निर्णयाच्या हेतूविषयी शंका नाही. पण त्याचा अर्थ काय होतो, हे कोणी मोठ्याने बोलले नाही. मुले उशिरा झोपतात, कारण घर उशिरा झोपते. घर उशिरा झोपते, कारण दूरचित्रवाणीवरील मालिका आणि त्यानंतर हातातला भ्रमणध्वनी संपत नाही. आई-वडिलांना झोपायला सांगण्याचे धाडस शासनात नाही, म्हणून शाळेची घंटा पुढे ढकलली गेली. घंटा एक तास पुढे गेली आणि अनेक घरांत दिवाही एक तास उशिरा मालवू लागला. कोकणातील ज्या घरात पणती विझायच्या आत परवचा, पाढे आणि जेवण होऊन मुले अंथरुणावर असत, त्या घरात आता बारा वाजता पहिलीतले मूल चकचकीत पडद्यात डोळे घालून बसलेले दिसते आणि त्याची आई कौतुकाने सांगते, ‘याला झोपच येत नाही!’

मग सकाळ उजाडते ती ‘आटप, आटप’ या गजरात. दात घासताना आटप, दूध पिताना आटप, बूट घालताना आटप. हा वक्तशीरपणाचा संस्कार आहे, अशी पालकांची प्रामाणिक समजूत असते. तसे अजिबात नाही. घाई आणि वेळ पाळणे या परस्परविरोधी गोष्टी आहेत. घाई तोच करतो ज्याने वेळ आधीच घालवली आहे. दुसऱ्याच्या ओरडण्यावर धावणारे मूल वेळ शिकत नाही, ओरडणे शिकते. ओरडणारा माणूस बाजूला झाला की, म्हणजे महाविद्यालयाच्या वसतिगृहात गेल्यावर, ते मूल दुपारी अकराला उठते. डोल लावणाऱ्याच्या घरात कोणी ‘आटप’ म्हणत नाही. तेथे मुलाला वेळ सांगितलेली असते आणि कारणही सांगितलेले असते.

काही आधुनिक पालकांचा आक्षेप वेगळा असतो. मुलांना घड्याळाचे गुलाम करू नका, त्यांचे बालपण फुलू द्या. या मंडळींनी एकदा मुरूडच्या किंवा नागावच्या किनाऱ्यावरची पोरे पाहावीत. ओहोटीच्या ओल्या वाळूवर त्यांचा खेळ रंगलेला असतो आणि पाणी कधी फिरणार हे त्यांना ठाऊक असते, म्हणूनच तो खेळ निर्धास्त असतो. ज्याला वेळ माहीत नाही तो आईच्या हाकेकडे कान लावून खेळतो. गुलाम कोण, ते ठरवावे.

वेळ शिकवायची तर ती मुलाच्या ताब्यात द्यावी लागते. स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवरून रोज तिथी बघून पाऊणपट करण्याचे काम आठ वर्षांच्या मुलीला द्या आणि आजची भरती किती वाजता, हे तिने घराला सांगू द्या. रविवारी तिला घेऊन बंदरावर जा आणि तिचे उत्तर पाण्याशी ताडून पाहा. दहा-पंधरा मिनिटांचा फरक निघाला तर तो का निघाला, यावर बोला. सकाळी तिला उठवू नका. रात्री घरातला दिवा बंद करा, तुमच्या खोलीतलाही. एखाद्या दिवशी तिची शाळा चुकली तर चुकू द्या, स्कूटरवरून धावपळ करून तिला घंटेआधी नेऊन टाकू नका. आणि ‘दहा मिनिटांत येते’ असे मुलाला सांगाल तर दहा मिनिटांत या. पालक मुलांना दिलेली वेळ जितक्या सहज मोडतात, तितक्या सहज ते दुकानदाराला दिलेली वेळही मोडत नाहीत.

हे लिहिताना एका वर्गाला मात्र या उपदेशातून वगळले पाहिजे. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड या तालुक्यांच्या आतल्या गावांतली मुले, ज्यांची शाळा एस.टी.च्या एकाच फेरीवर अवलंबून असते. रात्री गावात मुक्कामी आलेली गाडी पहाटे निघते, म्हणून पाचवी-सहावीतली मुलगी अंधारात फाट्यावर उभी राहते. गाडी कधी येते, कधी बिघडते, कधी वाटेवरची फेरी रद्द होते. मुलगी मात्र रोज वेळेवर असते. शाळेत पोहोचायला उशीर झाला की हजेरीपटावर खुणेची रेघ तिच्या नावापुढे पडते, गाडीच्या नव्हे. तालुक्याच्या गावी राहून रोज ये-जा करणारे गुरुजी त्याच गाडीने उशिरा उतरले तर ती रेघ कोठे पडते? गुरुजींवरही निवडणूक, जनगणना, माहिती भरण्याची कामे लादलेली आहेत, हे मान्य. पण रेघ ओढायचीच तर ती सर्वांच्या नावापुढे ओढावी, नाहीतर कोणाच्याच नाही. वेळेच्या बाबतीत या जिल्ह्यात सर्वांत काटेकोर कोण असेल तर ती फाट्यावरची मुलगी आहे, आणि तिला वक्तशीरपणावर व्याख्यान देण्याचा अधिकार आपल्यापैकी फारच थोड्यांना आहे.

आपल्या मंडळींनाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. संघस्थानावर शिट्टी वाजली की संपत घडते, कोणासाठी थांबत नाही, हे आपण अभिमानाने सांगतो, आणि ते खरेही आहे. मग तोच स्वयंसेवक पतपेढीच्या वार्षिक सभेत, गणेशोत्सव मंडळाच्या बक्षीस समारंभात, स्वतःच्या मुलाच्या मुंजीत घड्याळाकडे पाठ का फिरवतो? शिस्त संघस्थानाच्या सीमारेषेपुरतीच असेल तर ती कवायत झाली. मुले आपल्याला शाखेत तासभर पाहतात आणि उरलेले तेवीस तासही पाहतात.

आणि हे अशक्य आहे, असे कोणी सांगू नये. दर वर्षी १५ ऑगस्टला राज्य शासनाचे परिपत्रक निघते. मुख्य शासकीय ध्वजारोहण सकाळी ९ वाजून ५ मिनिटांनी, ८.३५ ते ९.३५ या काळात अन्य कोणीही ध्वजारोहणाचा कार्यक्रम ठेवू नये, ठेवायचा तर त्याआधी किंवा त्यानंतर. जिल्ह्याच्या ठिकाणी पालकमंत्री असोत वा दुसरे कोणी, ते नऊ वाजता मैदानावर हजर असतात. पोलीस बँड सज्ज असतो, पाऊस असला तरी असतो. गाड्यांचे ताफे त्या दिवशी वाहतुकीत अडकत नाहीत, आदल्या कार्यक्रमाला उशीर होत नाही, ‘अल्पावधीतच’ हा शब्द कोणी उच्चारत नाही. राष्ट्रध्वजाला थांबवून ठेवण्याची कोणाची छाती होत नाही. सव्वानऊला ध्वज फडकत असतो, राष्ट्रगीत झालेले असते.

आणि त्याच दिवशी सकाळी अकराच्या गुणगौरव समारंभासाठी त्याच मैदानाशेजारच्या सभागृहात मुलांना दहाला आणून बसवलेले असते, आणि एक वाजत आला तरी व्यासपीठावरच्या खुर्च्या रिकाम्या असतात.